पेशी जागल्या, पण माणूस जगला का?

२००५ साली नेदरलँड्समधील नायमेखेनच्या संशोधकांनी आठ रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठही जणांना मेलानोमा, म्हणजे त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग झालेला होता. त्यांच्याच रक्तातून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्रतिकारपेशी त्यांना लस म्हणून टोचायच्या होत्या. त्या थेट लसिकाग्रंथीत पडाव्यात म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत सुई आत सरकवली जात होती. या वेळी पेशींना आधी लोहाचे अतिसूक्ष्म कण देऊन ठेवले होते, म्हणजे त्या कुठे गेल्या ते एमआरआयमध्ये कळणार होते. कळले ते असे की, आठपैकी चार जणांच्या पेशी ग्रंथीत पोचल्याच नव्हत्या. त्या शेजारच्या ऊतीत पडून होत्या. टोचणारा हात सरावाचा होता, पडदा समोर होता, तरी निम्म्या वेळा नेम चुकला. एमआरआय केलाच नसता, तर या चौघांच्या कागदावर ‘लस दिली, गुण आला नाही’ एवढेच लिहिले गेले असते. या उपचारात रक्त काढण्यापासून रुग्णाचे आयुष्य वाढण्यापर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत. एका पायरीवर सगळे नीट झाल्यासारखे दिसते आणि पुढच्या पायरीवर पाय घसरतो. गेल्या पाव शतकात तो अनेकदा घसरला आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, कर्करोगावरच्या पेशींच्या लसीचे मोजमाप रुग्ण किती जगला आणि आजार किती काळ उलटला नाही यावरच व्हावे, आणि तेही लस न मिळालेल्या गटाशी तुलना करून. ही परीक्षा पार पडेपर्यंत अशी लस कोणी विकू नये. आणि एका परीक्षेत ती नापास झाली म्हणून संशोधनही कोणी गुंडाळू नये.

ही लस आजार टाळण्यासाठी नाही, झाल्यावर देण्यासाठी आहे, आणि तिचा मुख्य घटक आहे डेंड्रिटिक पेशी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांना १९७३ साली उंदराच्या प्लीहेत या पेशी सापडल्या. फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या या पेशी आपल्या त्वचेत, फुप्फुसांच्या आणि आतड्यांच्या अस्तरात बसून असतात. बाहेरून आलेले किंवा आतच बिघडलेले काही सापडले की त्या ते गिळतात, त्याचे तुकडे करतात, तुकडे स्वतःच्या पृष्ठभागावर मांडतात आणि लसिकाग्रंथीकडे निघतात. तिथे त्यांची गाठ टी पेशींशी पडते. कोणावर हल्ला करायचा हे टी पेशींना कळते ते या भेटीत. नुसता तुकडा दाखवून मात्र भागत नाही, सोबत धोक्याचा इशाराही द्यावा लागतो. तो नसेल तर टी पेशी त्या तुकड्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. कर्करोगाची गाठ वर्षानुवर्षे शरीरात सुखाने वाढते याचे एक कारण हेच. मग रुग्णाच्या डेंड्रिटिक पेशी बाहेर काढून, त्यांना गाठीची ओळख आणि धोक्याचा इशारा दोन्ही देऊन परत शरीरात सोडल्या तर? कल्पना सरळ आहे आणि सुंदरही आहे.

ती मेलानोमावर आजमावली गेली हे स्वाभाविक होते. माणसाच्या गाठीवरची, टी पेशींना ओळखता येईल अशी पहिली खूण ब्रसेल्समध्ये थिएरी बून यांच्या गटाने १९९१ मध्ये शोधली, ती मेलानोमाच्याच रुग्णात. १९९४ मध्ये रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींपासून डेंड्रिटिक पेशी घडवण्याची कृती हाती आली. ही कृती जवळून पाहिली की तिचे कष्ट ध्यानात येतात. रुग्णाला काही तास यंत्राला जोडतात. एका हातातून रक्त यंत्रात जाते, तिथे पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात, उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. त्या पेशी निर्जंतुक खोलीत, ठरलेल्या तापमानात, वाढीची दोन प्रथिने घालून साधारण आठवडाभर सांभाळायच्या. मग त्यांना गाठीतल्या प्रथिनांचे तुकडे किंवा गाठीचाच अर्क द्यायचा, त्या पक्व करायच्या, तपासायच्या, काही लगेच टोचायच्या आणि बाकीच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायच्या. एवढा खटाटोप एका रुग्णासाठी, आणि तयार झालेली लस दुसऱ्या कोणाच्याही कामाची नाही. त्वचेत टोचलेल्या पेशींपैकी लसिकाग्रंथीपर्यंत पोचतात त्या शेकड्याला चार-दोन. म्हणून तर नायमेखेनला थेट ग्रंथीत टोचायचा खटाटोप केला गेला.

आशा पेटली ती १९९८ मध्ये. झुरिकच्या डॉक्टरांनी पसरलेल्या मेलानोमाच्या १६ रुग्णांना ही लस दिली आणि पाच जणांच्या गाठी आकसल्या; त्यांपैकी दोघांच्या पूर्ण नाहीशा झाल्या. पसरलेला मेलानोमा म्हणजे तेव्हा बहुतेकांसाठी वर्षाच्या आतला निरोप होता. केमोथेरपीने गुण येणारे मोजकेच, आणि तोही टिकत नसे. अशा आजारात १६ मध्ये पाच ही बातमी जगभर गेली यात नवल नाही. पुढच्या काही वर्षांत युरोप-अमेरिकेत अशा छोट्या चाचण्या मोठ्या संख्येने झाल्या. बहुतेकींमध्ये तुलनेचा गट नव्हता आणि बहुतेकींचा निष्कर्ष एकाच सुरातला होता: लस सुरक्षित आहे, प्रतिकारशक्तीने प्रतिसाद दिला आहे, निकाल आशादायक आहेत. प्रतिसाद दिला, म्हणजे रक्त काढून पाहिले तर गाठीची खूण ओळखणाऱ्या टी पेशी वाढलेल्या दिसल्या. हे खोटे नव्हते. चूक झाली ती ही वाढ हेच फळ मानण्यात.

२००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी सहकाऱ्यांसह आपल्याच विभागाचा हिशेब मांडला. निरनिराळ्या प्रकारच्या लसी दिलेले ४४० रुग्ण, आणि गाठी ठरलेल्या निकषाइतक्या आकसल्या त्यांपैकी २.६ टक्के रुग्णांच्या. स्वतःच्या कामाचा असा रोखठोक ताळेबंद मांडायला धैर्य लागते, आणि विज्ञान पुढे जाते ते अशा ताळेबंदांमुळे. दोन वर्षांनी जर्मनीतून त्याहून निर्णायक उत्तर आले. तिथल्या त्वचाकर्करोगतज्ज्ञांच्या गटाने डेंड्रिटिक पेशींची लस आणि तेव्हाचे रूढ केमो औषध डाकार्बाझिन यांची समोरासमोर तुलना केली. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठीसारखे नशिबावर सोडलेले. १०८ रुग्ण झाल्यावर मध्येच निकाल तपासला आणि चाचणी थांबवली. केमोने ५.५ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या, लसीने ३.८ टक्के रुग्णांच्या. ज्या औषधाला डॉक्टर नाइलाज म्हणून हात लावत, त्याच्याही पुढे लस जाऊ शकली नाही. समर्थकांनी आक्षेप घेतले: लस त्वचेखाली दिली, पेशी पुरेशा पक्व नसाव्यात, रुग्णांचा आजार फार पुढे गेलेला होता. त्यांत तथ्य असेलही. पण हे आक्षेप नेमक्या शब्दांत मांडता आले तेच मुळी तुलना झाल्यामुळे. झुरिकच्या १६ रुग्णांच्या आकड्यांवर विसंबून लस बाजारात आली असती, तर तिच्यात काय कमी आहे हे शोधण्याची गरज कोणाला वाटली असती?

लस अपुरी का पडली याचे एक मोठे उत्तर दुसऱ्याच औषधाच्या चाचणीतून मिळाले. २०१० मध्ये इपिलिमुमॅब या प्रतिपिंडाचे निकाल आले. टी पेशींना शरीराने लावलेला एक लगाम हे औषध सैल करते. ६७६ रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला औषध आणि मेलानोमाच्या एका प्रथिनाची लस, दुसऱ्याला फक्त औषध, तिसऱ्याला फक्त लस. ही लस पेशींची नव्हती, प्रथिनाच्या तुकड्याची होती. पण जे प्रथिन तिच्यात होते तेच डेंड्रिटिक पेशींनाही अनेक चाचण्यांत दिले गेले होते. जगण्याचा मध्यांक फक्त लस घेतलेल्यांत ६.४ महिने, फक्त औषध घेतलेल्यांत १०.१ महिने, आणि दोन्ही घेतलेल्यांत १० महिने. औषधाने आयुष्य वाढवले, लसीने त्यात काहीच भर घातली नाही. गाठीभोवती लगाम आवळलेले असताना बाहेरून आणखी टी पेशी चेतवून उपयोग नाही, हे त्यातून पुढे आले. लगाम सैल करणारी आणखी औषधे आली, त्या शोधासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले, आणि पसरलेल्या मेलानोमाचे चित्र पालटले. इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही जोडी दिलेल्यांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनीही हयात आहेत, असा निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या आजारात वर्ष काढणे कठीण होते, त्यात दहा वर्षे! या औषधांनी हे स्थान मिळवले ते जगण्याच्या मोजपट्टीवर.

पेशींच्या लसीची सर्वांत स्वच्छ परीक्षा पुन्हा नायमेखेनच्याच गटाने घेतली आणि ती मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. या वेळी प्रयोगशाळेत घडवलेल्या नव्हे, रक्तात निसर्गतः असलेल्या डेंड्रिटिक पेशी वापरल्या. रुग्ण निवडले तेही शस्त्रक्रियेने गाठ काढून झालेले, पण आजार उलटण्याचा धोका मोठा असलेले. म्हणजे शरीरात कर्करोग कमीत कमी उरला असताना लसीला संधी दिली. दीडशेच्या आसपास रुग्ण, तिसऱ्या टप्प्याची चाचणी, दुसऱ्या गटाला औषध नसलेले हुबेहूब इंजेक्शन. लस घेतलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत गाठीची खूण ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या, दुसऱ्या गटात त्या जवळजवळ नव्हत्या. प्रयोगशाळेच्या दृष्टीने हे घवघवीत यश. पण दोन वर्षांनी आजार न उलटता राहिलेले रुग्ण मोजले तेव्हा लसीच्या गटात ते ३६.८ टक्के भरले आणि नुसत्या इंजेक्शनच्या गटात ४६.९ टक्के. हा फरक योगायोगाच्या कक्षेतला आहे, लसीने नुकसान केले असे त्यावरून म्हणता येत नाही. पण फायदा झाला असे तर मुळीच म्हणता येत नाही. पेशी जागल्या, आणि रुग्णाला त्याचा उपयोग झाला नाही. तुलनेचा गट नसता तर त्या दोन तृतीयांशांचा आकडा ठळक मथळ्यात आला असता.

मग हा नाद सोडून द्यावा, असे कोणी म्हणेल. मेलानोमावर चांगली औषधे आली आहेत, पंचवीस वर्षे पुरेशी आहेत, पैसा दुसरीकडे वळवावा. हा आक्षेप गंभीर आहे, पण मला तो पटत नाही. अपयश नेमके कशाचे, हे आता बरेच कळले आहे. पूर्वीच्या लसींनी पेशींना दाखवलेली प्रथिने बहुतांशी निरोगी रंगपेशींतही असणारी होती, आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या टी पेशींना शरीर लहानपणीच बाद करते. याउलट प्रत्येक रुग्णाच्या गाठीत जनुकीय बिघाडांमुळे तयार झालेली, त्या गाठीशिवाय कुठेच नसलेली प्रथिने असतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने तीन मेलानोमा रुग्णांच्या गाठींचा जनुकीय आराखडा वाचून, अशी प्रथिने निवडून ती डेंड्रिटिक पेशींना दिली. तिघांतही त्यांना ओळखणाऱ्या टी पेशी वाढल्या आणि त्यांची विविधताही वाढली. २०१७ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी हीच दिशा धरून, पेशी बाहेर न काढता, सहा रुग्णांना प्रथिनांचे तुकडेच टोचले. चौघांचा आजार दोन वर्षे उलटला नाही. दोघांचा उलटला, पण लगाम सैल करणारे औषध दिल्यावर त्यांच्या गाठी पूर्ण विरघळल्या. तीन आणि सहा हे आकडे लहान आहेत. झुरिकच्या १६ ला जो नियम लावला तोच यांनाही लावायला हवा. पण या वेळी पुढची पायरी लगेच बांधली गेली.

ती पायरी एमआरएनएची. कोविडच्या लसीतून घरोघरी ओळखीचे झालेले हे तंत्र इथे रुग्णागणिक बदलते: गाठीतली ३४ पर्यंत वेगवेगळी चिन्हे एका साखळीत लिहायची आणि ती टोचायची. मॉडर्ना आणि मर्क या कंपन्यांच्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्या १५७ मेलानोमा रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध दिले आणि त्यांपैकी दोन तृतीयांश जणांना शिवाय ही लस. दीड वर्षाने आजार न उलटलेले रुग्ण लसीच्या गटात ७९ टक्के, दुसऱ्या गटात ६२ टक्के. आजार उलटण्याचा वा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी. इथे तुलना आहे, दोन्ही गटांना उत्तम उपचार आहेत, आणि मोजले आहे ते रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे. तरीही १५७ वर थांबले नाहीत; हजाराहून अधिक रुग्णांची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२३ मध्ये सुरू केली. आता कोणी म्हणेल की ही तर एमआरएनएची सरशी, पेशींच्या लसीचा काळ संपला. पण टोचलेला एमआरएनए शरीरात वाचला जातो, त्यातले चिन्ह टी पेशींना दाखवले जाते, ते काम शेवटी रुग्णाच्या आपल्याच डेंड्रिटिक पेशी करतात. या पेशींना काय हवे, धोक्याचा इशारा कधी द्यायचा, लगाम कुठे आहेत, हे ज्ञान त्या फसलेल्या चाचण्यांनी दिले. पेशी बाहेर काढून वाढवण्याचा मार्ग उद्या मागे पडला तरी ते काम वाया गेले असे मी म्हणणार नाही. आणि तो मागे पडेलच असेही अजून ठरलेले नाही.

इथे स्टाइनमन यांचे उदाहरण हमखास पुढे केले जाते, आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. २००७ मध्ये त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. त्यांनी नियामकांची परवानगी घेऊन, सहकाऱ्यांच्या मदतीने, स्वतःच्याच डेंड्रिटिक पेशींच्या लसी स्वतःवर घेतल्या आणि त्या आजारात सहसा मिळत नाहीत इतकी, चार वर्षांहून जास्त, वर्षे काढली. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते गेले. तीन दिवसांनी त्यांना नोबेल जाहीर झाले. मरणोत्तर नोबेल देण्याचा प्रघात नसूनही समितीने ते कायम ठेवले, कारण निर्णय घेताना त्यांच्या निधनाची तिला कल्पना नव्हती. वाचताना मन भरून येते. पण त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपीही चालू होती, प्रायोगिक उपचार एक नव्हे, अनेक होते. त्यांतल्या कशाने किती दिवस मिळाले हे एका माणसाच्या आयुष्यावरून कोणालाच सांगता येणार नाही. त्यांनी स्वतःचे शरीर प्रयोगाला दिले. त्याचा दाखला देऊन दुसऱ्याला बिल देणे हा त्या माणसाचा मान राखण्याचा मार्ग नव्हे.

कारण बिल दिले जाते आहे. जर्मनीत आणि जपानमध्ये खासगी दवाखाने डेंड्रिटिक पेशींचे उपचार पैसे घेऊन करतात आणि परदेशांतून रुग्ण तिथे जातात. आपल्याकडेही समाजमाध्यमांवर ‘तुमच्याच पेशींनी कर्करोगावर मात’ अशा धर्तीचा प्रचार दिसतो. यांचा युक्तिवाद दुहेरी असतो. एक, लस निरुपद्रवी आहे: थोडा ताप, टोचल्याजागी लाली, बस. दोन, ज्याला डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवले, त्याला प्रयत्न करण्याचा हक्क आहे. पहिले विधान शरीरापुरते बरेचसे खरे आहे. पण उपद्रव शरीरालाच होतो असे थोडेच आहे? जमीन विकून, दागिने गहाण टाकून उभी केलेली रक्कम, विमानप्रवासात गेलेले आठवडे, आणि कधी कधी याच काळात घ्यायला हवे होते ते सिद्ध औषध न घेणे, हाही अपाय आहे. दुसऱ्या विधानातला हक्क मी मानतो. मरणाच्या दारातल्या माणसाला प्रयत्न करू न देणारा मी कोण? पण प्रयत्न करण्याचा हक्क रुग्णाचा आहे, त्या प्रयत्नावर नफा कमावण्याचा हक्क दवाखान्याचा नाही. ज्याचा गुण सिद्ध नाही ते चाचणीत द्यावे, फुकट द्यावे, आणि निकाल काहीही लागला तरी जाहीर करावा.

अशी परीक्षा या लसींना जमणारीच नाही, प्रत्येक रुग्णाची लस वेगळी, मग तुलना कशी करणार, असेही म्हटले जाते. हे खरे नाही. अमेरिकेत २०१० मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगावर सिप्युल्युसेल-टी ही, रुग्णाच्याच प्रतिकारपेशींपासून बनवलेली लस मंजूर झाली. तिच्या चाचणीत ५१२ रुग्ण होते, तुलनेचा गट होता, आणि जगण्याचा मध्यांक २१.७ महिन्यांवरून २५.८ महिन्यांवर गेला. चार महिने ही लहान मिळकत आहे, पण ती खरी मिळकत आहे. तीन डोसांची किंमत मात्र ९३ हजार डॉलर ठेवली होती. ती बनवणाऱ्या डेंड्रिऑन कंपनीने २०१४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. म्हणजे परीक्षा पास झाल्यावरही किंमत आणि निर्मिती हा डोंगर उरतोच. आणि तुलनेचा गट ठेवणे क्रूर आहे म्हणावे, तर मेलानोमाच्या वरच्या चाचण्या पाहा: त्या गटाला त्या वेळचा रूढ उपचार मिळत होता, किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांना त्या काळी पुढे काहीच द्यायचे नव्हते. नायमेखेनची चाचणी तर अशा रुग्णांसाठी चांगले औषध उपलब्ध झाल्यावर नवे रुग्ण घेणे थांबवूनच संपली. रुग्णांना उपयोग न होणारी लस पंचवीस वर्षे विकत राहणे जास्त क्रूर झाले असते.

राहिला प्रश्न, आपल्याला याचे काय? भारतात मेलानोमा दुर्मीळ आहे. गोऱ्या कातडीच्या ऑस्ट्रेलियात तो घरोघरचा विषय असतो तसा इथे नाही. पण जो होतो तो वेगळा होतो. आपल्याकडे तो उन्हाने भाजलेल्या पाठीवर कमी आणि तळपायावर, नखाखाली किंवा श्लेष्मल त्वचेवर जास्त आढळतो. कुरूप समजून, ठेच लागल्याची खूण समजून, त्याकडे महिनोन्‌महिने लक्ष जात नाही. उन्हाच्या अतिनील किरणांनी जनुकांत जे हजारो बिघाड होतात ते या प्रकारात नसतात. म्हणजे लसीने दाखवायची गाठीची खास चिन्हेही कमी. लगाम सैल करणारी औषधेही इथे तुलनेने कमी चालतात. बोस्टनचे किंवा मॉडर्नाचे आकडे जसेच्या तसे आपल्या रुग्णांना लागू पडतील असे धरून चालता येत नाही. त्यासाठी आपल्या रुग्णांवरच्या चाचण्या हव्यात, आणि त्याहून जास्त हव्यात त्या आपल्याकडे हजारोंनी होणाऱ्या तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर.

हे आपल्याला झेपणारे नाही असे कोणी म्हणू नये. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, बदलून परत देण्याचा नेक्सकार१९ हा उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवला, त्याला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि त्याची किंमत परदेशी उपचारांच्या किमतीच्या लहानशा अंशावर आली. पेशी निर्जंतुक खोलीत वाढवण्याचे कसब मुंबईत आहे. मोजमापाचे कसबही आहे. डोक्या-मानेच्या, म्हणजे मुख्यतः तोंडाच्या, पुढे गेलेल्या कर्करोगात निवोलुमॅब परवडत नाही म्हणून टाटाच्या डॉक्टरांनी ते रूढ मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी, अवघे २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा देऊन पाहिले. १५१ रुग्ण, दोन गट, दोन्ही गटांना तोंडावाटे घ्यायची स्वस्त औषधे, एका गटाला शिवाय हा छोटा डोस. वर्षभराने हयात असलेले रुग्ण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. टी पेशी किती वाढल्या याचा मथळा झाला नाही. किती माणसे जिवंत आहेत ते सांगितले. पेशींची असो वा एमआरएनएची, भारतात कर्करोगाच्या लसीवर जो सरकारी पैसा खर्च होईल तो अशा मांडणीच्या चाचण्यांवर व्हावा.

आणि विक्रीला आळा घालायला नवा कायदा करायची गरज नाही. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार पेशींपासून बनवलेले उत्पादन हे नवीन औषध ठरते आणि त्याला केंद्रीय औषध नियामकाची परवानगी लागते. चाचणीची नोंद भारतीय चाचणी नोंदवहीत आधीच करणे २००९ पासून बंधनकारक आहे. संशोधनाच्या उपचाराचा खर्च रुग्णाकडून घेऊ नये, असे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तेव्हा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पेशींच्या लसीची जाहिरात करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याकडून दोनपैकी एक गोष्ट लेखी मागवावी: चाचणीचा नोंदणी क्रमांक, किंवा नेमक्या कोणत्या कर्करोगासाठी विक्रीची परवानगी आहे तो आदेश. यांतला एकही कागद ज्याच्याकडे नसेल त्याच्या पेशी वाढवण्याच्या खोलीला टाळे लावावे, आणि रुग्णांकडून घेतलेली रक्कम परत करायला लावावी.